प्रत्येक वेळी गॅसच संपत नसतो

एप्रिल-मेमध्ये पुण्यात सर्वाधिक तापणाऱ्या भागांत वडगाव शेरीचं नाव नेहमी असतं. त्या भागाला लागूनच खराडी. इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपास उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता वाय-फायवर चालणारे एसी आले आहेत. ऑफिसातून निघतानाच मोबाइलवरून घर थंड करायला घेता येतं. पण ॲपवर २४ अंश दिसत असताना खोली तापलेलीच राहिली, की ही सगळी हुशारी निरुपयोगी ठरते. घरी आलेला मेकॅनिक दोन मिनिटांत सांगतो : गॅस संपलाय, भरावा लागेल.

हे निदान डोळे झाकून स्वीकारू नये. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाच असेल, तर गळती आहे. ती बुजवल्याशिवाय भरलेला नवा गॅसही निघून जाणार. म्हणून ग्राहकाने आधी विचारावं, गळती नेमकी कुठे आहे?

त्याआधी घरच्या घरी तपासण्यासारखं बरंच असतं. खराडीत बांधकामं सतत चालू असल्याने फिल्टर लवकर धुळीने भरतो. हवा अडली की कॉइलवर बर्फ जमतो, कूलिंग घटतं आणि पाणी ठिबकू लागतं. आउटडोअर युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये कोंबलेलं असेल, तर त्याने बाहेर टाकलेली गरम हवाच ते पुन्हा ओढतं. काही एसी रिमोटमधल्या सेन्सरवरून खोलीचं तापमान ठरवतात. तो रिमोट उन्हात पडला असेल तर हिशेब चुकतो. ॲपमध्ये जुनं शेड्यूल राहिलं असेल, तर एसी स्वतःहून बंद होतो. वीज जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबतो, तो बिघाड नव्हे. राउटर बदलल्यावर ॲप तुटलं, पण रिमोटने एसी नीट चालतोय, तर दोष फक्त वाय-फायचा. अनेक एसी २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरच जोडले जातात.

डक्ट असलेल्या काही यंत्रणांमध्ये भिंतीवरचा थर्मोस्टॅट अचानक काळा पडतो आणि तो बदलायची घाई होते. प्रत्यक्षात ड्रेन पाइप तुंबलेला असू शकतो. ट्रेमध्ये पाणी चढलं की फ्लोट स्विच वीज तोडतो. पाइप साफ केला की स्क्रीन पुन्हा उजळते.

कधी दोष खरोखर सॉफ्टवेअरचाच असतो. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या एका अपडेटमुळे उतरल्या आणि ऐन थंडीत अनेक घरांचं हीटिंग बंद पडलं. तिथे गारठा होता, इथे ऊन असतं; पण यंत्राने दगा दिल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान मुलांचे हाल सारखेच होतात.

म्हणूनच कंपन्यांनी दोन गोष्टी द्यायलाच हव्यात. नेट किंवा ॲप बंद पडलं तरी साध्या बटणावर पूर्ण चालणारा एसी, आणि 'ई-५'सारख्या कोडऐवजी बिघाडाचं कारण स्पष्ट मराठीत सांगणारी स्क्रीन. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्याच्या क्षेत्रांत घरगुती उपकरणंही आहेत. ग्राहकांनी हा हक्क वापरावा. मेकॅनिककडून निदान लेखी घ्यावं, बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.