विश्लेषण : घर आपले, मग स्लॅब कोणाचा? घरगुती दुरुस्तीची मर्यादा कुठे संपते?

पावसाळा सुरू झाला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरातील घराघरांत गळती, ओल आणि पोपडे यांच्याशी झटापट सुरू होते. प्लंबर वेळेवर मिळत नाही, मिळालाच तर परवडत नाही. मग अनेक जण स्वतःच पाना आणि थापी हातात घेतात. ही सवय चांगलीच आहे. पण कोणती दुरुस्ती घरच्या घरी करायची आणि कोणत्या भेगेला हातही लावायचा नाही, हे माहीत नसेल तर काटकसर जिवावर बेतू शकते.

स्वतः दुरुस्ती करण्याची वेळ का येते?

मुंबईत घर परवडत नाही म्हणून गेल्या तीन-चार दशकांत हजारो कुटुंबांनी अंबरनाथ-बदलापूरची वाट धरली. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. सकाळी सहा-साडेसहाची लोकल पकडणारा माणूस रात्री नऊला घरी परततो. त्याच्या हाताशी असतो तो फक्त रविवार. नेमका त्याच दिवशी प्लंबर, गवंडी आणि इलेक्ट्रिशियन सगळ्यांनाच हवा असतो. नळाचा वायसर बदलण्यासारख्या कामाला कारागीर यायला तयार नसतो, कारण त्याला दिवसभराचे काम हवे असते. गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, पाण्याचे बिल आणि रेल्वेचा पास भागवून उरलेल्या पैशांत दुरुस्ती बसवायची असते. त्यामुळे मोबाइलवर व्हिडीओ बघून काम उरकणे ही बहुतेकांसाठी हौस नसून गरज आहे.

कल्याणमध्ये काय घडले होते?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावरील एका घरात फरशी बसवण्याचे काम सुरू होते. ते सुरू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांवर आदळत तळापर्यंत आला. सहा जणांचा जीव गेला. त्याआधी जुलै २०१७ मध्ये घाटकोपरमधील साईदर्शन इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तेथे तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते. दोन्ही कामे एका घरापुरती, एका गाळ्यापुरती म्हणून हाती घेतलेली होती. त्यांची किंमत मात्र शेजाऱ्यांनाही मोजावी लागली.

फरशी बदलण्यात एवढा धोका कसा, याचे गणित सोपे आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत जुनी फरशी न काढता त्यावर दोन इंच जाडीचा माल आणि नवी फरशी घातली, तर स्लॅबवर सुमारे एक टन वजन वाढते. जुनी फरशी मशीनने फोडली तर हादरे बसतात. धडधाकट स्लॅब हे सहन करतो. आतून गंजलेला स्लॅब किती सहन करील, हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही.

उल्हासनगरचा प्रश्न वेगळा का आहे?

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच सांगितले जाते. बराकींच्या जागी पुढे दाटीवाटीने इमारती उभ्या राहिल्या, त्यातील कित्येक परवानगीविना. मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिल्यानंतर राज्य सरकारने २००६ मध्ये केवळ उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. पण प्रत्यक्षात नियमित झालेल्या इमारतींची संख्या थोडीच राहिली.

याचा परिणाम दुरुस्तीवर होतो. कागदपत्रे अपुरी असलेल्या इमारतीच्या पुनर्विकासाला विकासक पुढे येत नाही आणि बँक कर्ज देत नाही. रहिवाशांच्या हाती उरते ती फक्त मलमपट्टी. १५ मे २०२१ रोजी कॅम्प एकमधील मोहिनी पॅलेस इमारतीचा स्लॅब कोसळला. त्यानंतर तेराच दिवसांनी, २८ मे रोजी, नेहरू चौक परिसरातील पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प पाचमध्येही अशीच दुर्घटना होऊन चार जण दगावले. नव्वदच्या दशकात निकृष्ट रेती वापरून झालेली बांधकामे हे या मालिकेचे एक कारण सांगितले जाते.

पोपडा पडतो तेव्हा आत काय झालेले असते?

रंगाचा पोपडा आणि स्लॅबचा पोपडा यांत फरक आहे. भिंतीवरचा रंग फुगतो तो ओलीमुळे. ओल थांबवून भिंत सुकवली की काम भागते. छताचा गिलावा मात्र खपल्यांनी पडून आतली तांबूस सळई दिसू लागली, तर दुखणे खोलवरचे आहे. पाणी आणि हवा काँक्रीटमध्ये शिरली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते आणि खपली खाली येते. रेतीत क्षार असतील तर हे आणखी लवकर घडते. अशा ठिकाणी सिमेंट थापून रंग मारला की छत चार महिने गुळगुळीत दिसते, पण आत सळई गंजतच राहते. भेग बुजली म्हणजे धोका टळला, असा समज होतो. खरे तर तो फक्त दिसेनासा होतो.

घरच्या घरी नेमके काय करता येते?

बरेच काही. नळाचा वायसर किंवा स्पिंडल बदलणे, जोडांना टेफ्लॉन टेप लावणे, फ्लशच्या टाकीचा फ्लोट बसवणे, नहाणीची जाळी साफ करणे, फरशीचे सांधे भरणे, दाराची बिजागरी घट्ट करणे, ही कामे कोणालाही शिकता येतात. बादलीत सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला चार-पाच लिटर पाणी वाया घालवतो. पाणीकपात पाचवीला पुजलेल्या या शहरांत ही बचत लहान नाही.

गळतीचे निदानही घरच्या माणसालाच चांगले करता येते. ओल फक्त पावसात वाढत असेल, तर दोष गच्चीत किंवा बाहेरच्या भिंतीत असण्याची शक्यता अधिक. उन्हाळ्यातही डाग ओलाच राहत असेल, तर पाइप किंवा वरच्या घरातील मोरी तपासावी. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी आणि दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढावा. भेगेच्या दोन्ही टोकांनाही अशीच खूण करावी. भेग वाढते आहे की थांबली आहे, हे महिन्याभरात कळते. कारागिराला किंवा अभियंत्याला दाखवायला एवढा पुरावा पुष्कळ असतो.

कशाला अजिबात हात लावू नये?

कॉलम, बीम आणि स्लॅब यांना. कपाट बसवण्यासाठी कॉलम छाटणे, पाइप नेण्यासाठी बीमला भोक पाडणे, दोन खोल्यांमधील भिंत स्वतःच्या मर्जीने काढणे, न विचारता मोरीची जागा हलवणे किंवा गच्चीवर जादा टाकी चढवणे, यांपैकी कोणतेही काम ‘आपल्या घरातले’ नसते. मीटरच्या मुख्य जोडणीलाही परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच हात लावावा. दरवाजे-खिडक्या घट्ट बसू लागणे, बीमवर तिरकी भेग पडणे, छताला मध्येच झोळ येणे किंवा कटकट आवाज येणे, ही घर तातडीने रिकामे करून अभियंत्याला बोलावण्याची लक्षणे आहेत.

गळतीचा खर्च कोणी द्यायचा?

वरचा आणि खालचा शेजारी यांच्यात सर्वाधिक भांडणे यावरूनच होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि इमारतीचा सांगाडा यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. गच्ची गळून सर्वांत वरच्या मजल्याचे छत खराब झाले तर तो खर्चही संस्थेचाच. घरातील संडास, मोरी, सिंक यांमुळे होणारी गळती संबंधित सदनिकाधारकांनी निस्तरायची. नव्या घरांसाठी रेरा कायद्याचे संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. तक्रार लेखी हवी, एवढे पथ्य पाळायला हवे. नव्या घरात स्वतः सिमेंट थापण्याआधी दोषाचे फोटो काढून पत्र पाठवणे जास्त शहाणपणाचे.

मग पैसे येणार कुठून?

खरी मेख येथे आहे. उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के रक्कम जमा करायची असते. बांधकाम खर्च दहा लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठशे रुपये. चाळीस घरांच्या इमारतीत वर्षाला चार लाख जमतात. पण वर्गणी शंभर रुपयांनी वाढवायची म्हटली तरी सर्वसाधारण सभेत गदारोळ होतो. तेच सभासद घरातील फरशी, छताचे पीओपी आणि मॉड्युलर किचन यांवर लाखभर सहज खर्च करतात. इमारतीच्या पायाशी मात्र सांडपाण्याचा पाइप वर्षानुवर्षे फुटलेला असतो. घराची मालकी चार भिंतींपुरती आहे, या समजुतीतूनच या इमारती आजारी पडतात.

यंत्रणांची जबाबदारी कुठे सुरू होते?

महापालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मालक-रहिवाशांनी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. उपविधींनुसार तर १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचेही दर पाच वर्षांनी परीक्षण व्हायला हवे. धोकादायक इमारतींचे सी-१ ते सी-३ असे वर्गीकरण केले जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तत्काळ रिकामी करायची, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. दर मे महिन्यात यादी निघते, नोटिसा चिकटवल्या जातात, वीज-पाणी तोडण्याचे इशारे दिले जातात आणि पाऊस ओसरला की सारे थंडावते.

नोटीस मिळालेले कुटुंब घर का सोडत नाही, याचे उत्तर बेफिकिरीत नाही. भाड्यासाठी अनामत रक्कम नसते आणि एकदा बाहेर पडलो तर हक्क जाईल, ही भीती असते. म्हणून रिकाम्या करायच्या इमारतीतील प्रत्येकाच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद देणे, संक्रमण घरांची सोय करणे आणि लहान सोसायट्यांना परवडेल अशा दरात परीक्षण उपलब्ध करून देणे, ही कामे महापालिका आणि दोन्ही नगरपरिषदांनी करायला हवीत. कागदाच्या नोटिशीने स्लॅब टिकत नाही.

रहिवाशांनी आपल्या बाजूने एक नियम पाळला तरी बरेच साधेल. ज्या दुरुस्तीचा परिणाम आपल्या उंबरठ्याच्या आत संपतो, ती खुशाल स्वतः करावी. ज्याचा भार खालच्या घरावर पडतो, त्या कामाआधी सोसायटीला पत्र आणि अभियंत्याला फोन करावा. अभियंत्याची फी फरशीच्या खर्चापुढे किरकोळ असते. खालच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबाच्या जिवापुढे तर ती काहीच नाही.