वेलांटी कुठे पडते?

दुकानातल्या दिव्याखाली कुठलीही साडी सुरेखच दिसते. शहाणी गृहिणी ती दारापाशी उजेडात नेते, पदर उलटून पाहते आणि मगच भाव विचारते. संगणकावरच्या मालाला असे दार नसते. जाहिरात तेवढी दिसते, आणि ती तर डोळे दिपविण्यासाठीच केलेली असते.

आमचा भाचा अहिल्यानगरला, सावेडीत राहतो आणि लग्नाच्या हलत्या पत्रिका करतो. या पत्रिका मोबाइलवर येतात, त्यांत फुले उमलतात आणि वधूवरांची नावे तरंगत येऊन स्थिरावतात. तुळशीचे लग्न लागले की त्याला जेवायला फुरसत नसते. परवा तो म्हणाला, "मामा, एक नवे प्लगिन आलेय. वर्षाला सतरा हजार. घ्यावे का? तुम्ही हिशेबी आहात, सांगा."

वाचकहो, प्लगिन म्हणजे काय ते आधी सांगतो. शिवणयंत्राला भरतकामाचा वेगळा पाय मिळतो ना, तसाच हा प्रकार. मूळ यंत्र म्हणजे आफ्टर इफेक्ट्स ही १९९३ सालापासूनची आज्ञावली, आणि प्लगिन हा तिला जोडायचा जादा पाय. हाताने तीन तास लागणारे काम तो घटकाभरात करतो, असे विकणारा सांगतो.

आम्ही प्रथम कागद-पेन्सिल घेतली. सतरा हजारांवर अठरा टक्के जीएसटी धरला, म्हणजे वीस हजार साठ रुपये झाले. गेल्या मोसमात त्याने चाळीस पत्रिका केल्या, पण उडती नावे मागणारी गिऱ्हाइके बाराच. बाराने भागले तर पत्रिकेमागे सोळाशे बहात्तर रुपये पडतात, आणि तो एका पत्रिकेचे घेतो पंधराशे! आक्का, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे लग्न त्यांचे आणि आहेर आपला!"

पण केवळ पैशांवरून निकाल देणे बरे नव्हे. वेळ वाचतो, त्यालाही किंमत आहे. म्हणून मी म्हटले, "फुकट वापरायला आठवडा देतात ना? मग त्यांचा नमुना पाहू नकोस, आपली नावे घालून पाहा." दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा भांडवल देणाऱ्यांना त्यांनी नुसते शब्द ऐकविले नाहीत. वाटाण्याचे रोप कसे वाढते, त्याची एकेक चौकट टिपून केलेली छोटी फिल्म त्यांना दाखविली. नमुना पाहावा तो असा, प्रत्यक्ष.

भाच्याने 'क्षितिजा' हे नाव घातले. एकेक अक्षर वरून टपकू लागले, आणि काय सांगू! पाय मोडलेला 'क' वेगळा, 'ष' वेगळा, आणि वेलांटी तर पोटात ठिपक्यांचे वर्तुळ घेऊन एकटीच लोंबकळत राहिली. कारण साधे आहे. संगणकाच्या पोटात 'क्षि' हे एक अक्षर नसतेच. तेथे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत ओळीने बसलेले असतात. वेलांटी दिसते आधी, पण साठविलेली असते शेवटी. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनाला हे नाते कळत नाही, ते चौघांना चार दिशांना हाकलते. मग शिरोरेषाही तुटते, ते वेगळेच. आपल्या जिल्ह्यात तर श्रीरामपूर आणि श्रीगोंदे असे दोन तालुके जोडाक्षरानेच सुरू होतात. लग्नाचा पत्ताच जर फुटला, तर वऱ्हाड जायचे कुठे? आणि लेकीचे नाव असे मोडलेले पाहून कोणत्या आईला बरे वाटेल?

आणखी एक गोष्ट आम्ही ताडून पाहिली. वर्गणी संपल्यावर जुने काम उघडले, तर तो परिणाम गायब! म्हणजे मुहूर्त बदलला म्हणून कोणी पुढल्या वर्षी आले, की पुन्हा पैसे भरा.

प्लगिन घेतले नाही. पण भाचा हात जोडून बसला नाही. मूळ आज्ञावलीतच अक्षराऐवजी अख्खा शब्द हलविण्याची सोय आहे, ती त्याने वापरली. लहानपणी आपण पाटीवर अक्षरे लिहून वर रेघ ओढीत असू. त्याने नाव तसेच आणले. अक्षरे एकसंध उगवतात आणि मग शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सरकत जाते. 'चि.', 'चि. सौ. कां.' आणि 'श्री' हे तर प्रत्येक पत्रिकेत येतातच. ते एकदाच नीट करून त्याने जपून ठेवले.

तेव्हा, वाचकहो, असे साधन घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. वर्षातून किती वेळा लागेल? आपल्या अक्षरांना ते जाणते का? आणि पैसे देणे थांबविले, तर केलेले काम आपलेच राहील का? तिन्हींची उत्तरे समाधानाची आली तर खुशाल घ्यावे, काटकसरीच्या नावाखाली हातांना उगीच शिणवू नये.

मार्गशीर्षातल्या एका लग्नाचे काम आत्ताच आले आहे. वधू नेवाशाची आहे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावची. मुलीचे नावही ज्ञानेश्वरीच. भाच्याने ते नाव पडद्यावर उगवताना तिच्या आजीला दाखविले. आजीने चष्मा पुसला, बोटाने एकेक अक्षर मोजले आणि म्हणाली, "बरोबर आहे हो."