उष्णतेचे चित्र नेमके काय दाखवते?



उंदराच्या एका मिशीला हलकेच स्पर्श केला, तर त्याच्या मेंदूत कोठे खळबळ उडते? प्रत्येक मोठ्या मिशीसाठी मेंदूच्या बाह्य थरात पेशींचा पिंपासारखा एकेक स्वतंत्र गट असतो, असे वुल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७० साली दाखवून दिले. पुढे मॉस्कोचे शेवेलेव आदी संशोधकांनी प्राण्यांच्या मेंदूतील अशी खळबळ अवरक्त कॅमेऱ्याने टिपण्याचे प्रयोग केले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किरण बाहेर टाकते. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१० केल्विन तापमानाला हे किरण सुमारे ९.३ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वांत तीव्र असतात. कॅमेरा ते मोजतो. चित्रातले लाल-निळे रंग मात्र आकड्यांना मागाहून दिलेले असतात.

म्हणून लाल ठिपका दिसताच ‘येथे पेशी तापल्या’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. पेशी कामाला लागल्या की तेथला रक्तपुरवठाही वाढतो. आपल्या फैजपूरकडचेच उदाहरण घ्या. विहिरीचे पाणी हिवाळ्यात पहाटे केळीच्या बागेला दिले, तर गारठलेली जमीन उबदार होते. मे महिन्यात भर दुपारी तेच पाणी तापलेली जमीन गार करते. रक्ताचेही तसेच आहे. कवटी उघडल्यावर मेंदूचा पृष्ठभाग रक्ताहून गार असतो, तेथे जादा रक्त ऊब आणते. खोलवरचा भाग रक्ताहून किंचित गरम असतो, तेथे तेच रक्त उष्णता वाहून नेते. कॅमेऱ्याला दिसतो तो केवळ पृष्ठभाग.

याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेत माणसावर हे तंत्र वापरल्याचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता भाग जपायचा हे ठरवताना चित्राचा अर्थ चुकून चालणार नाही. शिवाय ‘अंगाला न शिवता मोजमाप’ हे अर्धेच खरे, कारण हे किरण हाडातून बाहेर येत नाहीत. मेंदूचा पृष्ठभाग थेट पाहायचा, तर प्राण्याची कवटी उघडावीच लागते. एवढी किंमत प्राणी देत असेल, तर उष्णतेबरोबर रक्तप्रवाह आणि पेशींचे विद्युत्‌संकेतही वेगळे मोजले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूचे रंगीत चित्र कोठेही पाहाल, तेव्हा आधी विचारा: यंत्राने मोजले काय, आणि त्यावरून माणसाने ताडले काय?