बॅटरीगाडीला मागची सीट करताय? आधी खालून बघा



चाकण-पिंपरी पट्ट्यात कंपन्यांतनं, हॉटेलांतनं निघालेल्या जुन्या गोल्फ कार्ट आता शेतात दिसायला लागल्यात. आपण तिला बॅटरीगाडी म्हणतो. डिझेल नाही, आवाज नाही, कांद्याच्या दोन-तीन गोण्या बांधापर्यंत न्यायला बरी. कृषी पर्यटनवाले पाव्हणे फिरवतात. गाडी मुळात दोघांची. मागं असती ती गोल्फच्या काठ्यांच्या दोन बॅगा ठेवायची जागा. मग घेणाऱ्याचं पहिलं काम काय, तर तिथं बाकडं बसवायचं. तयार सीट महाग पडती म्हणून गावातल्या वेल्डरकडं जायचं. त्यात वावगं काहीच नाही. ज्या भागात रोज हजारो गाड्या जुळवल्या जातात, तिथल्या माणसाला एक सीट करता येऊ नये होय?

पण जी बाकडी मी बघतोय, त्यातली बरीच माणसं बसवायच्या लायकीची नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

एक साधं गणित करा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण साडेपाच फूट. मागं दोन माणसं बसली, समजा १३० किलो, आणि बाकडं एक्सलच्या मागं दोन फूट गेलंय. पहारीनं दगड उचलावा तसं होतं. पुढचं टोक ४७ किलोनं हलकं होतं आणि मागच्या पाट्यांवर १३० नाही, १७७ किलो जादा बसतात. ओढ्यातनं वर चढताना पुढची चाकं नुसती टेकलेली राहतात, हँडल फिरवलं तरी गाडी वळत नाही. म्हणून बाकडं जेवढं एक्सलच्या जवळ घेता येईल तेवढं घ्या, आणि मागच्या पाट्यांत एक पान वाढवा. बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, उतारावर हेही ध्यानात ठेवा.

सांगाडा खिडकीच्या ग्रिलच्या पातळ पाईपचा नको. ४० बाय ४० चा चौकोनी पाईप, ३ मिमी जाडीचा, आणि कोपऱ्याला तिकोनी पट्ट्या. तो चासीला धरला पाहिजे, वरच्या फायबरच्या बॉडीला नाही. काही गाड्यांची चासी ॲल्युमिनियमची असती. लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर साधा वेल्डिंग रॉड तिथं चालणार नाही. मी तर म्हणतो कुठल्याच गाडीवर वेल्डिंग नको. सांगाडा बाजूला जमिनीवर जोडा आणि ८.८ चे बोल्ट, नायलॉक नट लावून बसवा. कारण सीटखाली ८ व्होल्टच्या सहा, म्हणजे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. चार्जिंगला लावल्या की त्यातनं हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली की भडका. आणि वायर न काढता वेल्डिंग केलं की कंट्रोलर जळायची भीती. तो सीटपेक्षा महाग.

आता खरं दुखणं. मागं बसलेल्याचं तोंड उलट्या दिशेला असतं. बॅटरीच्या मोटारीला उभ्या जागेवरनं जोर असतो, पुढच्यानं पायडल दाबलं की मागचा माणूस थेट बाहेर फेकला जातो. त्याला धरायला काय दिलं? काही नाही. पुढं मालकाला फोमची गादी, धरायला स्टिअरिंग. मागं फळी. आणि मागं बसतं कोण, तर खुरपणीला आलेल्या बाया नाहीतर घरची पोरं. त्या बोलत नाहीत, कारण सकाळी कामावर यायचं असतं.

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायकांना घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत गेली. सात जणी गेल्या. कोणी म्हणेल, ते ट्रॅक्टरचं, बॅटरीगाडीचा काय संबंध? संबंध एवढाच, की ट्रॉली माणसासाठी केलेली नसती आणि बॅगांची जागाही नसती.

तेव्हा दोन्ही बाजूंना हाताला येईल असा दांडा, पाय ठेवायला चेकर पत्रा आणि त्याला वर वळवलेली कड, आणि प्रत्येकाला बेल्ट. जुन्या कारचा चालतो, पण सुती झालेला घेऊ नका. पूर्वी चिखली-कुदळवाडीच्या भंगारात पाहिजे ते मिळायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली शेडं पाडली, तेव्हापासून जरा हिंडावं लागतं.

ही गाडी शिवारातच फिरवा. नंबरप्लेट नसलेली गाडी चाकण-तळेगाव रस्त्यावर आणली तर पोलीस सोडा, पाठीमागनं येणारा कंटेनरच सोडणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं किक मारून चालू होणारी चारचाकी केली, सगळ्या देशानं कौतुक केलं. आनंद महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, आणि बदल्यात बोलेरो दिली. आपल्याला काय कोण बोलेरो देणार नाही.

सीट झाली की आधी माणूस बसवू नका. ५० किलोच्या तीन गोण्या बांधा, चार दिवस खाचखळग्यातनं फिरवा, मग बोल्ट परत आवळा आणि वेल्डजवळ केसाएवढी चीर आहे का बॅटरी लावून बघा. कुणी चांगली सीट केली असेल तर फोटो टाका. वरच्या रेक्झिनचा नको, खालनं एक्सलजवळचा टाका.