मोठ्या मनाने कुणी संघात घेत नाही

"त्याला घेतलं ते मोठ्या मनाने." भिलाईच्या सेक्टरांतल्या मैदानांवर, विदर्भातून आलेल्या कामगारांच्या मुलांबद्दल हे वाक्य ऐकतच मी वाढलो. वजनदार माणसाचा भाचा अकरांत आला, तर त्याला मात्र कुणी उपकार म्हणत नसे.

जिथे जिंकण्यावर पैसा लागलेला असतो, तिथे चांगुलपणाने जागा मिळते का? अमेरिकन फुटबॉल बघा. १९६१पर्यंत वॉशिंग्टनच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. लीगमधला असा तो शेवटचा संघ. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचं मन काही पालटलं नाही. नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं आणि केनेडी सरकारने बजावलं, भेदभाव चालणार नाही. १९६२मध्ये बॉबी मिचेल आला आणि त्याच मोसमात सर्वाधिक झेल घेऊन लीगमध्ये पहिला ठरला. आदल्या वर्षी १४पैकी एक सामना जिंकणारा संघ त्या वर्षी पाच जिंकला. इतकी वर्षं मार्शल कुणाचं नुकसान करत होते?

आपल्याकडे क्रिकेटमध्ये पालवणकर बाळू. चांभार समाजातले, पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करून साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकणारे. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांचा एकच; चहा मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या पेल्यात. मोठं मन असतं तर ते आधी त्या चहात दिसलं असतं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. धाकटे भाऊ विठ्ठल १९२३मध्ये कर्णधार झाले, तेही १९२०मध्ये भावांनी संघातून माघार घेऊन उघड निषेध केल्यानंतर.

भली माणसं नसतात असं नाही. पण बळी मोजता येतात, म्हणून गोलंदाज नाकारणं अवघड जातं. कर्णधार निवडताना 'नेतृत्वगुण' नावाचं मोजता न येणारं काहीतरी पुढे येतं, आणि जात तिथेच लपते. अमेरिकेच्या त्याच फुटबॉल लीगला २००३मध्ये नियम करावा लागला: मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घ्या. फक्त मुलाखत! नेमणुकीची सक्ती नाही. मैदानावर निम्म्याहून जास्त खेळाडू काळे असताना.

घरातले पहिले पदवीधर म्हणून तुम्हीही अशा मुलाखतींना बसाल. गुण कागदावर असतील. विचारलं जाईल 'व्यक्तिमत्त्वा'बद्दल.