चिलटालाही नकार लक्षात राहतो

मागच्या महिन्यात एका शाळेच्या पालकसभेला गेलो होतो. नववीतल्या एका मुलीनं स्पष्ट ‘नाही’ सांगितल्यावरही वर्गातला एक मुलगा रोज तिच्या मागे क्लासपर्यंत जात होता, असा विषय निघाला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘वयच तसं आहे हो. हार्मोन्स! किड्यामुंग्यांतसुद्धा नर मादीच्या मागे लागतोच की.’’ सभा हसली आणि विषय तिथंच मिटला. मुलीची आई मान खाली घालून बसून राहिली.

मी काही वर्षं प्रयोगशाळेत फळमाश्या पाळल्या आहेत. त्यामुळे ते हसू मला जरा जास्तच लागलं.

फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. तिच्यातला नर मादीचा पाठलाग करतो, पुढच्या पायानं तिला चाचपतो, एक पंख पसरून थरथरवतो. ते त्याचं गाणं. इथवर गृहस्थांचं बरोबर आहे. पण या नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नसतंच. त्याच्या पेशी आपापल्या गुणसूत्रांवरून नर-मादीपण ठरवतात आणि प्रियाराधनाची मज्जासंस्था घडवण्यात ‘फ्रुटलेस’ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो.

मग हार्मोन्स काय करतात? ‘ज्युवेनाइल हार्मोन’ घ्या. दोन दिवसांच्या नरापेक्षा सात दिवसांचा नर मादी मिळवण्यात सरस ठरतो. २०१६ सालच्या एका संशोधनानं त्याचं एक कारण दाखवलं: या हार्मोनमुळे नराच्या मिशांमधल्या काही चेतापेशी गंधाला अधिक संवेदनशील होतात. थोडक्यात, त्याचं नाक तीक्ष्ण होतं. ‘मागे लाग’ असा हुकूम त्यात कुठंच नाही.

आता सभेत कुणी सांगितली नाही ती गोष्ट. मीलन झालेली मादी नव्या नराला धुडकावते, लाथा मारते. अशा मादीबरोबर तासभर कोंडलेला नर पुढे काही काळ दुसऱ्या मादीपुढेही बेतानंच वागतो, हे सीगल आणि हॉल यांनी १९७९ मध्येच दाखवलं. कित्येक तास नकार खाल्लेल्या नराला तो पुढे काही दिवस लक्षात राहतो. ही दीर्घकालीन आठवण पक्की व्हायला एक हार्मोनच लागतं. एक्डायसोन, म्हणजे अळीला कात टाकायला लावणारं तेच. नकाराच्या त्या तासांत नराच्या डोक्यात ते वाढतं. ते कमी पडलं, तर आठवण टिकत नाही. हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे ज्या हार्मोन्सच्या नावानं आपण मुलांना माफ करतो, त्यांतलंच एक चिलटाला नकार विसरू देत नाही.

माशीवरून माणसाची नीती काढू नये, हे मला मान्य आहे. मग त्या गृहस्थांनीही काढू नये. माणसाचं पोर माशीपेक्षा फार जास्त शिकू शकतं. त्याला शिकवायचं काम आपलं आहे आणि ‘हार्मोन्स’ हा शब्द ते काम टाळायला बरा पडतो. किड्याचा दाखला द्यायचाच असेल, तर निदान पूर्ण द्या. अर्धा दाखला मुलाच्या सोयीचा असतो आणि त्याची किंमत मुलगी रस्ता बदलून मोजते.

त्या दिवशी हे बोलायला मी उभा राहिलो नाही. ते चुकलंच. त्याला मात्र कुठलंही हार्मोन जबाबदार नव्हतं.