एका शाफ्टसाठी अख्खा ट्रक?

रिमोटवर चालणारा ट्रक बंद पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'टाक तो, नवीन घेऊ.' माझं म्हणणं उलट आहे. ज्या खेळण्यात मोटर, गिअरबॉक्स आणि बेरिंग असतं, ते छोटं मशीनच आहे, आणि मशीन विकणाऱ्यानं त्याचा सुटा भागही विकला पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्याला या भानगडी कशाला, असं मंडळातल्या काहींना वाटेल. पण मी अनगोळात राहतो. उद्यमबाग आम्हाला अगदी लागून. ज्या गावातून क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक पंप बाहेर जातात, तिथे ३ मिलिमीटर जाडीच्या एका सळईपायी अख्खा ट्रक कचऱ्यात जातो, हे मला पटत नाही.

उदाहरण घरचंच आहे. माझ्या मावसभावाला नाताळात असा ट्रक मिळाला. जानेवारी संपायच्या आत मोटर नुसती गुरगुरायची आणि चाकं जागेवर. गिअरबॉक्स उघडला तर गिअरचे दात शाबूत होते. बिघाड शाफ्टमध्ये होता.

अशा ट्रकची मोटर फिरते भरभर, पण तिच्यात जोर कमी. गिअरच्या जोड्या वेग उतरवतात आणि जोर चढवतात. वेग २० पट उतरवला तर घर्षणात जाईल तेवढा सोडून जोर जवळपास तितकाच पट वाढतो, आणि तो सगळा येतो शेवटच्या शाफ्टवर. या शाफ्टची एक बाजू सपाट घासलेली असते, इंग्रजी 'डी' अक्षरासारखी. गिअरचा ग्रब स्क्रू त्या सपाटीवर दाबून बसतो. चाक दगडात अडकलं आणि पोरानं रिमोट दाबूनच धरला, की मऊ लोखंडाची ती कड झिजते. शाफ्ट गोल होतो आणि गिअर त्याच्यावर मोकळा फिरत राहतो.

'गोंद लाव की' असा सल्ला चौघांनी दिला. वाळलेला गोंद ठिसूळ असतो, पहिल्याच धक्क्याला तडकतो, आणि ओघळून बेरिंगमध्ये गेला तर तेही जाम. वेल्डिंग करावं तर एवढा बारीक शाफ्ट उष्णतेनं वाकतो. उपाय एकच, नवा शाफ्ट. विक्रेत्याचं उत्तर आलं, सुटा मिळत नाही, पूर्ण गिअरबॉक्स घ्या. आणि गिअरबॉक्स सध्या शिल्लक नाही.

शेवटी उद्यमबागेतल्या एका टर्नर काकांकडे गेलो. ('शाफ्ट'ला शुद्ध मराठी शब्द हवा म्हणणाऱ्यांनी तिथे तासभर बसून यावं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात, आणि कुणाचं काही अडत नाही.) काकांनी जुना शाफ्ट काचेवर लोळवला. तो अडखळत गेला, म्हणजे वाकलेलाही होता. मग त्यांनी पितळी बुश उजेडात धरला. "हे बघ, भोक लांबट झालंय. नुसता शाफ्ट घालून काय उपयोग? महिन्यात परत येशील की."

सिल्व्हर स्टीलची सळई, तिला सपाट बाजू, टोकाला सर्कलिपची खाच आणि नवा बुश, एवढं काम झालं. ट्रक आता अंगणातल्या खडीवरही चढतो. काकांनी किती पैसे घेतले ते लिहीत नाही, कारण तो आकडा त्यांच्या कसबाला शोभणारा नाही. एका पीससाठी लेथवर सेटिंग लावणं कुणालाच परवडत नाही. त्यांनी केलं ते पोराच्या हौसेखातर. मला हेच टोचतं. कुणाच्या चांगुलपणावर चालणाऱ्या दुरुस्तीला हक्क कसं म्हणायचं?

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यासाठी चार क्षेत्रं ठरली : शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं. खेळणी त्यात नाहीत. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, ते चांगलंच झालं, पण तो मार्क सुरक्षिततेचा. मोडल्यावर काय, हे तो सांगत नाही. आयात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणजे वस्तू महाग झाली, टाकून द्यायची सवय मात्र तीच राहिली.

हे होऊ शकत नाही असं नाही. जपानच्या तामिया कंपनीच्या गाड्या सुट्या भागांत येतात, घेणारा स्वतः जोडतो, आणि पुस्तिकेत भागांना नंबर असतात. त्यांची १९८४ मधली 'हॉर्नेट' २००४ मध्ये पुन्हा बाजारात आली. कुणी म्हणेल, त्या महागड्या छंदाच्या गाड्या, पोरांच्या खेळण्याशी तुलना कशाला? बरोबर आहे, स्वस्त ट्रकला कुणी तामियाएवढा पसारा मागत नाही. पण याच ट्रकमधलं बेरिंग बघा. त्यावर ६२३ असा नंबर आहे. आतलं भोक ३, बाहेरून १०, जाडी ४ मिलिमीटर. हा नंबर सांगितला की बेळगावातही तेच बेरिंग मिळतं आणि जपानमध्येही. शेजारच्या शाफ्टला मात्र ना नंबर, ना माप.

आता आपल्याच राज्यात, कोप्पळ जिल्ह्यात खेळण्यांचं मोठं क्लस्टर उभं राहतंय. ते उभारणारी कंपनी आपल्या हत्तरगीजवळ विमानांचे भाग बनवते. विमानाच्या प्रत्येक भागाला नंबर आणि नोंद लागते, हे तिथल्या लोकांना मी सांगायला नको. ट्रकच्या खोक्यात शाफ्टचा व्यास, लांबी आणि सपाट बाजूची खोली लिहिलेला एक कागद टाकायला सुरुवात तिथून व्हायला काय हरकत आहे? काकांचा नमुना मोजण्यातच अर्धा तास गेला होता.